हरवलेली तंद्री

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून बोरिवलीला राहते आणि फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेब तपासण्याचे काम करते. लग्नापूर्वी आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. दिवाळीत पहाटे पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी काढायला बसले की उजाडलेले मला कळत नसे; आई चहाचा कप शेजारी ठेवून गेली तरी पत्ता नसे, आणि मी मान वर करीपर्यंत चहा गार झालेला असे. आता तशी तंद्री कशातच लागत नाही. काम होते, स्वयंपाक होतो, पण मन भलतीकडेच असते. रात्री मोबाइलवर छोटे व्हिडिओ पाहताना मात्र तास कसा सरतो कळत नाही, आणि फोन ठेवल्यावर आणखीच शिणल्यासारखे वाटते. वेळेचे भान दोन्हीकडे हरपते, मग असे का व्हावे? आणि रोजच्या धबडग्यात ती जुनी तंद्री पुन्हा मिळेल का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : तुम्ही रांगोळी आणि मोबाइल शेजारी-शेजारी मांडलेत हे फार बरे केलेत, कारण या दोहोंतला फरक समजला की पुढचा मार्ग बराचसा मोकळा होतो. मूळचे हंगेरियन असलेले मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहायी (१९३४–२०२१) यांनी अमेरिकेत आयुष्यभर याच अवस्थेचा अभ्यास केला. चित्र रंगवताना तहानभूक विसरणारे चित्रकार चित्र पुरे होताच त्याच्याकडे फिरकतही नाहीत, हे पाहून त्यांचे कुतूहल जागे झाले होते. पुढे बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक आणि शल्यचिकित्सक यांच्याशी बोलल्यावर त्यांना सगळीकडे तेच वर्णन ऐकू आले. या अवस्थेला त्यांनी ‘फ्लो’, म्हणजे प्रवाह, असे नाव दिले. ती साधते तेव्हा पुढच्या क्षणी काय करायचे हे स्पष्ट असते, केलेले बरोबर की चूक हे लगेच समजते आणि काम आपल्या हातोटीला किंचित ताणणारे असते. काम फार अवघड झाले की धास्ती वाटते आणि फार सोपे झाले की कंटाळा येतो.

तुमची पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी आठवून पाहा. रेघ कोणत्या ठिपक्याकडे न्यायची हे ठाऊक असते, ती चुकली तर आकार जुळत नाही हे तिथल्या तिथे दिसते, आणि चिमटीतून रांगोळी एकसारखी सुटावी यासाठी बोटांना सतत जपावे लागते. मोबाइलवरचा व्हिडिओ तुमच्याकडून यातले काहीच मागत नाही. अंगठा सरकत राहतो, वेळ निघून जातो, पण हाताला वा बुद्धीला काही करून पाहावे लागत नाही. मी त्या अवस्थेला गुंगी म्हणेन. भान तिथेही हरपते, परंतु तिला तंद्री म्हणायला माझे मन तयार होत नाही.

ही तंद्री फुरसतीतच मिळेल असे आपण धरून चालतो. चिक्सेंटमिहायी आणि त्यांच्या एका सहकारी संशोधिकेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळेच सांगतो. ७८ नोकरदारांना त्यांनी पेजर दिले होते आणि तो दिवसातून अनेकदा अवचित वाजला की त्या क्षणाची नोंद करायची होती. काम अवघड आहे आणि आपले कौशल्यही पणाला लागले आहे, अशा नोंदी कामाच्या वेळी ५४ टक्के, तर फुरसतीत अवघ्या १८ टक्के आढळल्या. तरीही कामावर असताना याच माणसांना आपण दुसरीकडे कुठेतरी असावे असे अधिक वाटत होते. चिक्सेंटमिहायींनीच वर्णन केलेल्या एका कारखान्यातल्या कामगाराला ४३ सेकंदांचे एकच काम दिवसातून सुमारे ६०० वेळा करावे लागे. त्याने आपली हत्यारे आणि हालचाली बारकाईने बसवत पाच वर्षांनी ते काम सरासरी २८ सेकंदांपर्यंत आणले. ही स्पर्धा त्याची स्वतःशीच होती, आणि मला त्यातला हाच भाग महत्त्वाचा वाटतो.

दादर स्थानकाबाहेर गजरे करणाऱ्या एका बाईंना मी पुष्कळदा न्याहाळले आहे. डाव्या हाताच्या बोटांवर दोरा, दोन कळ्या एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, फास आणि हलकासा ताण. तो जास्त झाला तर देठ तुटतो, कमी पडला तर फूल गळते. मोगरा ओवताना त्या गिऱ्हाइकाशी भावावरून बोलत असतात, परंतु मध्ये नाजूक अबोली आली की त्या गप्प होतात आणि त्यांची नजर बोटांवर येते.

तुमच्या कामातही अशी अबोली आणावी लागेल. व्हाउचरांचा एक गठ्ठा वेगळा काढा, फोन खणात ठेवा आणि कॅल्क्युलेटरला हात लावण्यापूर्वी बेरजेचा अंदाज मनाशी बांधून तो कितपत जुळतो ते पाहा. आठवडाभरात तो सोपा वाटू लागला तर गठ्ठा वाढवा. परतीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर क्रोशाचे विणकाम करता येईल, कारण टाके मोजताना मन भटकले की चूक लगेच दिसते. उभ्याने चेंगरत यायचे असेल त्या दिवशी मात्र असला कोणताही प्रयोग करू नका. झोपच पुरत नसेल तर आधी ती पुरी करा, आणि कित्येक आठवडे कशातच गोडी वाटत नसेल तर डॉक्टरांशी अवश्य बोला, कारण तो प्रश्न तंद्रीचा नसतो.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला विशेष भिडली. आई चहा ठेवून जात असे, हाक मारत नसे. तुमची ती पहाट कोणीतरी राखत होते. आज घरातली प्रत्येक हाक तुमच्यापर्यंत येते, त्यामुळे तंद्री लागण्याआधीच मोडते, आणि यात तुमच्या मनाचा काही दोष आहे असे मला वाटत नाही. तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास आपल्याला कोणी हाक मारायची नाही, असे घरच्यांना स्पष्ट सांगा. येत्या दिवाळीत पंधरा ते आठऐवजी कधी न काढलेला एखादा मोठा नमुना निवडा, आणि त्या पहाटेचा चहा कोण करणार हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.