चिंपांझींना काडीने वाळवी काढायला माणसाने शिकवलं का?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीकडचे वानर सगळं हातानेच ओरबाडतात, मग आफ्रिकेतल्या चिंपांझींना अवजारं वापरायला माणसाने शिकवलं असेल का? नाही. ती त्यांची स्वतःची, फार जुनी विद्या आहे.

मी दापोलीचा, त्यामुळे वानरांशी रोजचीच गाठ. वानराला अवजाराची गरज पडत नाही. पाला हाताशी असतो आणि तो पचवायला कप्प्याकप्प्यांचं पोट असतं. चिंपांझीला आवडतं ते खाणं बरेचदा आत दडलेलं असतं, वाळवी वारुळात आणि गर कवचात.

1960 च्या नोव्हेंबरात टांझानियातल्या गोंबे इथे चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी एका नराला वारुळाच्या भोकात गवताची काडी घालताना पाहिलं. काडीला चावा घेऊन लटकलेली वाळवी तो ओठांनी टिपत होता. पण मला खरे कारागीर वाटतात ते काँगोतल्या गुआलुगो जंगलातले चिंपांझी. जमिनीखालच्या वारुळासाठी ते आधी जाड काठी खुपसतात, कधी पायाचा जोर लावून. मग त्याच भोकात बारीक देठ सोडतात. देठाचं टोक दातांतून ओढून आधीच पिंजून ठेवलेलं असतं, कारण पिंजलेल्या टोकाला वाळवी जास्त येते. दोन कामांना दोन हत्यारं, तीही ठरल्या क्रमाने!

गिनीतल्या बोसू इथे तेलताडाची बी एका दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडतात. पिल्लू आईला चिकटून बघत राहतं, तिने फोडलेला गर उचलतं, आई हाकलत नाही. 3 ते 5 वर्षांचं होईतो हळूहळू हात बसतो. आपल्याकडे ओहोटीला खडकांवर कालवं फोडणाऱ्या आईजवळ पोरं अशीच बघून शिकतात.

आता माणसाने शिकवल्याची शंका. कोत दिव्वारच्या ताई जंगलात उत्खननात मिळालेले चिंपांझींचे दगड सुमारे 4300 वर्षांपूर्वीचे निघाले. 2007 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. म्हणजे ही विद्या आजकालच्या माणसाकडे बघून उचललेली नाही. शिवाय हे नुसतं उपजतही नाही. गोंबेत तेलताड आहे, तिथले चिंपांझी त्याची फळंही खातात, पण बी फोडत नाहीत. त्या कळपांत ती रीतच नाही. म्हणूनच शिकारीने किंवा जंगलतोडीने एखादा कळप संपला की मला दुप्पट वाईट वाटतं, कारण त्याची कसबं दुसऱ्या कळपाकडे असतीलच असं नाही.