प्रतिनिधी कोण, प्रातिनिधिक काय?

प्रश्न : केळी लावण्याआधी माती तपासायची होती. कृषी सहायक म्हणाले, ‘प्रातिनिधिक नमुना आणा.’ त्याच आठवड्यात मुलगी वर्गप्रतिनिधी झाली. भाचा औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे, आणि लोकप्रतिनिधी तर गावोगाव. हे सगळे एकच का?
– एक शेतकरी, यावल तालुका

उत्तर : भाऊ, शब्द एकाच घरातले आहेत, पण कामं निराळी. तुमच्या मातीपासूनच धरू.

अख्खं वावर काही प्रयोगशाळेत नेता येत नाही. म्हणून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खड्डे घेतात. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा सोडतात. सगळी माती गोणपाटावर कालवून तिचे चार भाग करतात, समोरासमोरचे दोन टाकून देतात, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच चालतं. त्या अर्ध्या किलोत वावराचा गुण उतरलेला असतो. ती माती वावरासारखी आहे, म्हणून प्रातिनिधिक.

लहानपणी मी वडिलांबरोबर कापसाची गाडी घेऊन बाजारात गेलो होतो. व्यापाऱ्यानं कडेचा, रात्रीच्या दवानं ओलावलेला मूठभर कापूस उपसला आणि तेवढ्यावर सगळ्या गाडीचा भाव पाडला. वडील म्हणत राहिले, ‘मधी हात घालून पाहा ना शेठ.’ त्यानं घातला नाही. मूठ आमच्याच गाडीतली होती, पण प्रातिनिधिक नव्हती. या शब्दाचं मोल मला त्या दिवशी कळलं, आणि अजूनही तो कोणी सैल वापरला की मला राहवत नाही.

आता प्रतिनिधी. संस्कृतात ‘प्रति-नि-धा’ म्हणजे एकाच्या जागी दुसरं ठेवणं. आपल्या पूजेत हा अर्थ अजून जिवंत आहे. देवाला घालायला दागिना नसला की गुरुजी ‘अलंकारार्थे अक्षतां’ म्हणत तांदूळ वाहायला लावतात. तांदूळ काही दागिन्यासारखा दिसत नाही. त्याला त्या जागी नेमलंय, एवढंच. राजाराम महाराजांनी जिंजीला असताना ‘प्रतिनिधी’ हे पद काढून प्रल्हाद निराजींना दिलं, तेही राजाच्या वतीनं कारभार पाहण्यासाठी. भाचा कंपनीच्या वतीनं बोलतो. तुमच्याच तालुक्यात, फैजपूरला, 1936 साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. तिथे बघायला आलेली माणसं अफाट होती, पण ती सगळी काही प्रतिनिधी नव्हती. प्रतिनिधी म्हणजे ज्यांना आपापल्या भागानं निवडून धाडलं ते.

लोकप्रतिनिधीच्या बाबतीत मात्र आपण दोन्ही अर्थ एकात कालवतो. ‘तो आपल्यातलाच आहे’ म्हणून मत देतो. आपल्यातला असणं चांगलंच, पण तो झाला प्रातिनिधिकपणा. केळीच्या भावाचा प्रश्न त्यानं सभागृहात मांडला का, हे विचारलं तरच आपण त्याला प्रतिनिधी मानला. मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

मुलीचंही तसंच. ती वर्गात पहिली आहे की मधली, याला इथे महत्त्व नाही. वर्गानं सरांना काय सांगायला तिला पुढे केलंय, ते तिला विचारा. आणि मातीच्या पिशवीत गट नंबरची चिठ्ठी टाकायला विसरू नका.