घारापुरीची टोपली आणि परतीचा फालुदा

वाचकांचे प्रश्न : खाणे-पिणे

प्रश्न : जानेवारीतल्या एका रविवारी कोल्हापूरहून येणारी माझी नणंद, तिची सात आणि अकरा वर्षांची दोन मुले आणि आमच्या 68 वर्षांच्या सासूबाई यांना घेऊन आम्ही घारापुरीला जाणार आहोत. मुलांनी आतापासूनच जाहीर केले आहे की डबा न्यायचा नाही, दिवसभर टोपलीतले आणि गाडीवरचे खायचे आणि शेवटी काहीतरी गारेगार गोड हवे. सासूबाईंचे म्हणणे असे की बेटावरचा एक दाणासुद्धा कोणी तोंडात घालू नये. दोन्ही बाजूंची समजूत घालण्याचे काम माझ्याकडे आले आहे. काय खावे, काय सोडावे आणि कुठे खावे, हे कृपया सांगावे.
— एक वाचिका, मुलुंड

उत्तर : आपल्या सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही, पण तिचा रोख चुकला आहे असे मला वाटते. बेटावरच्या खाण्याकडे पाहताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा : हा पदार्थ इथे कसा पोहोचला? घारापुरी हे रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात मोडणारे, शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वस्त्यांचे लहानसे बेट आहे. दूध, बर्फ, पाव, वेफर्सची पाकिटे, बाटलीतले पाणी हे सारे आपल्यासारखेच होडीने किंवा लाँचने तिथे येते. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून बेटावर कायमची वीज आली ती 2018 साली. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर चाले, तेवढाच उजेड. म्हणजे ज्या पदार्थाला अखंड गारवा किंवा मुबलक गोडे पाणी लागते, तो पदार्थ या बेटाचा नव्हेच. तो तिथे पाहुणा आहे, आणि त्याच्याकडे पाहुण्याइतक्याच सावधपणे पाहावे. उलट जे झाडावरून उतरते, सालीत राहते आणि मीठ-तिखटापलीकडे काही मागत नाही, ते मुलांनी पोटभर खावे.

जानेवारीत ही टोपली चांगली भरलेली असते. धक्क्यावरून लेण्यांच्या पायऱ्यांकडे जाताना आणि पुढे पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना ती घेऊन बसलेल्या बायका दिसतात. पेरू, बोरे, आवळे, चिंच, काकडी, कधी चांदणीसारख्या कापांचे करमळ, आणि निखाऱ्यावर भाजलेले मक्याचे कणीस. मार्च उजाडला की कैरी येते आणि मग उन्हाळाभर ताडगोळे, करवंदे, जांभळे. पण उन्हाळ्यात त्या पायऱ्या चढणे म्हणजे शिक्षाच असते, त्यामुळे आपण निवडलेला महिना योग्य आहे.

यातले काय आणि कसे घ्यावे, हे जरा सविस्तर सांगतो, कारण पोट बिघडते ते बहुतेक वेळा फळामुळे नव्हे, फळाला लागलेल्या पाण्यामुळे. कापून मांडलेले पेरू आणि काकडीच्या उभ्या फोडी ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांवर अधूनमधून पाणी शिंपडतात. ते पाणी सकाळपासून एकाच भांड्यात असते आणि त्यात हात किती वेळा बुडाला, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. म्हणून मांडलेली फोड घेऊ नये. अख्खा पेरू निवडावा, आपल्या बाटलीतल्या पाण्याने धुवावा आणि समोर कापून मागावा. सुरी कळकट वाटली तर तीही त्याच पाण्याने धुऊन द्यावी. यात विक्रेतीला राग येण्यासारखे काही नाही, गोड बोलून सांगितले की झाले. “मावशी, नवा कापून द्या” एवढ्या शब्दांत हे काम होते, असा माझा अनुभव आहे.

कणसाच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. निखाऱ्यावर फुटेपर्यंत भाजलेले कणीस हा रस्त्यावरच्या खाण्यातला बहुधा सर्वांत निर्धोक पदार्थ असावा, आणि तरीही त्यात एक खोच आहे : लिंबाची फोड. तीच फोड मीठ-तिखटात बुडवून दहा-वीस कणसांवर फिरवलेली असते आणि शेवटी तिचा रस संपून नुसती साल उरते. आपण नवे लिंबू कापून मागावे, नाहीतर घरून दोन लिंबे नेऊन पिशवीतून काढून द्यावीत. कणीस देशी असेल तर दाणे घट्ट आणि चवीला खमंग लागतात. हल्लीचे स्वीट कॉर्न भाजण्यापेक्षा उकडूनच बरे लागते. सासूबाईंच्या दातांचा विचार करता त्यांच्यासाठी दाणे सोलून द्यावेत. एकदा त्यांच्या हातावर गरम दाणे पडले की बेटावरच्या दाण्याविरुद्धची त्यांची प्रतिज्ञा किती टिकते, ते पाहण्यासारखे असेल.

इथे मला माझ्याच नियमाला थोडा छेद द्यावा लागतो. मका, पेरू, तिखटातली मिरची, शेंगदाणा या सगळ्या गोष्टी मूळच्या अमेरिका खंडातल्या आहेत आणि गेल्या काही शतकांत समुद्रमार्गेच आपल्याकडे आल्या आहेत. हा व्यापार आपल्या किनाऱ्यावर आणण्यात पोर्तुगीजांचा मोठा वाटा होता. घारापुरीवरचा दगडी हत्ती पाहून तिला ‘एलिफंटा’ म्हणणारेही तेच, आणि बटाटा, पाव, काजू हे शब्द मराठीला देणारेही तेच. (तो हत्ती आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानालगत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, मुलांना तो वेगळ्या दिवशी दाखवावा.) तेव्हा टोपलीतले बरेचसे एके काळी जहाजातूनच आलेले आहे. फरक इतकाच की ते कालच्या लाँचने, वितळत्या बर्फात बसून आलेले नाही.

टाळायचे काय, तर पाणीपुरी, हिरवी चटणी घातलेली ओली भेळ, सुटा बर्फ घातलेले सरबत आणि सुटे आइस्क्रीम. पाणीपुरीचे पाणी आणि हिरवी चटणी दोन्ही न शिजवता वाटलेली असतात. खजूर-चिंचेची गोड चटणी मात्र उकळलेली आणि आंबट-गोड असल्यामुळे बराच वेळ टिकते. त्यामुळे भेळ हवीच असेल तर सुकी घ्यावी, तीही गेटवेच्या बाजूला, लाँचमध्ये चढण्यापूर्वी. समुद्राच्या दमट हवेत कुरमुरे अर्ध्या तासात सादळतात आणि मग त्या भेळेला भेळ म्हणवत नाही. वडा किंवा भजी कढईतून आपल्या डोळ्यांदेखत निघत असतील तर खुशाल घ्यावीत. परातीत थंड होऊन पडलेली, पुन्हा कोमट केलेली घेऊ नयेत. बर्फाविषयी एक उपयोगी गोष्ट लक्षात ठेवावी : मासे-फळे गार ठेवण्यासाठी असलेला, खाण्यास अयोग्य बर्फ निळसर रंगाचा असावा, असा आदेश राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये काढला होता. निळी छटा दिसली तर पेल्याला हात लावू नये. छटा नसली म्हणून बर्फ शुद्धच, असा उलटा अर्थ मात्र काढू नये.

माकडांचा उल्लेख आपण केला नाही, पण दिवसाचे वेळापत्रक तीच ठरवतात. मागे एकदा मी अर्धे कणीस हातात घेऊन पायऱ्या चढत होतो. ते कणीस मी दोनदा चावलो, उरलेले कुंपणावर बसलेल्या एका थोराड नराने माझ्याकडे पाहत सावकाश संपवले. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे : सकाळी नऊच्या सुमारास सुटणाऱ्या पहिल्या काही लाँचपैकी एक धरावी, सुमारे तासाभरात बेटावर उतरावे, वर जाताना हात रिकामे ठेवावेत, लेणी निवांत पाहावीत आणि खाणे उतरताना, पायथ्याजवळ करावे. पायऱ्या सुमारे 120 आहेत. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे असते आणि पुढे सासूबाईंना चढ झेपणार नसेल तर डोलीही मिळते. लेणी सोमवारी बंद असतात. आपला बेत रविवारचा आहे, त्यामुळे अडचण नाही, फक्त गर्दी असेल.

आता गोडाचे. बेटावर गोड शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाकीटबंद आइस्क्रीमसुद्धा मधेच वितळून पुन्हा गोठलेले असू शकते. कडेला बर्फाचे खरखरीत स्फटिक दिसले किंवा कांडीचा आकार वाकडातिकडा झालेला असला की तसे समजावे. मुलांना दुपारपर्यंत गुळ-शेंगदाण्याच्या चिक्कीवर थोपवून धरावे आणि चारच्या आसपासची परतीची लाँच घ्यावी. मुलुंडला जायचे म्हणजे आपल्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायचेच आहे. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेले क्रॉफर्ड मार्केट आहे, आणि मंडईसमोर 1905 पासून चालत आलेले ‘बादशाह’ आहे. तिथला फालुदा मुलांनी खावा. तळाशी गुलाबाचे सरबत, त्यावर भिजून फुगलेला सब्जा, गुळगुळीत शेवया, दूध आणि वर आइस्क्रीम किंवा कुल्फी असे ते थर असतात. मुले बहुधा वरून खाली खातील आणि शेवटी पेल्यात नुसते गुलाबी दूध उरेल. त्यांना लांब चमच्याने तळापासून ढवळायला शिकवावे. हा पदार्थही परदेशी वंशाचा आहे, इराणमधल्या शेवयांच्या गारेगार ‘फालुदे’चा हा आपल्याकडे दूध पिऊन बाळसे धरलेला नातेवाईक. पश्चिम रेल्वेने जाणाऱ्या वाचकांनी चर्चगेटजवळच्या ‘के. रुस्तम’कडे वळावे; दोन पातळ वेफर बिस्किटांमध्ये आइस्क्रीमची जाड वडी घालून देण्याची तिथली रीत 1953 पासूनची आहे. ती वडी खाताना बोलत बसू नये, मनगटापर्यंत ओघळ येतात.

प्रश्न : मला लाँच लागते. गेल्या वेळी उपाशीपोटी गेलो तरी मळमळ थांबली नाही. लाँचवर बसण्यापूर्वी काय खावे?
— एक वाचक, दादर

उत्तर : उपाशी जाण्यानेच मळमळ वाढली असण्याचा संभव आहे. निघण्यापूर्वी तासभर आधी कोरडे आणि हलके खावे : भाकरीचा तुकडा, खारी, भाजलेले शेंगदाणे, मूठभर चुरमुरे. मिसळ, वडापाव आणि वर चहा हा गेटवेचा लाडका नाश्ता परतीसाठी राखून ठेवावा. खिशात आलेपाकाच्या चार वड्या असू द्याव्यात. वरच्या मजल्यावर वारा मिळतो म्हणून लोक जादा पैसे देऊन तिथे बसतात, परंतु हेलकावे वरच अधिक जाणवतात. आपण खाली, मधल्या भागात, उघड्या बाजूला बसून दूर क्षितिजाकडे पाहावे. गोळी घ्यायची असल्यास ती डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आणखी एक विनंती : हिवाळ्यात लाँचच्या मागे येणाऱ्या कुरव पक्ष्यांना शेव आणि वेफर्स फेकू नयेत. तळलेले खारट खाणे त्यांच्यासाठी नाही.

प्रश्न : महाशिवरात्रीला घारापुरीला जाण्याचा विचार आहे. उपवास असताना तिथे काय चालेल? परतताना कुल्फी चालेल का?
— एक वाचिका, उरण

उत्तर : त्या दिवशी बेटावर भाविकांची गर्दी असते आणि आपण उरणकडूनच येणार, तेव्हा वाट आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. टोपलीतली फळे उपवासाला बिनदिक्कत चालतात : पेरू, बोरे, चिंच, असल्यास कैरी. कणीस मात्र धान्यात मोडते, म्हणून ते सोडावे. काकडी आणि लाल तिखट याबद्दल घरोघरी वेगळे नियम आहेत, आपल्या घरचा पाळावा. सैंधव पाळत असाल तर त्याची पुडी बरोबर न्यावी, कारण टोपलीत साधे मीठच असते. उकडलेली रताळी आणि भाजलेले शेंगदाणे घरून नेलेले उत्तम.

कुल्फीचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. नुसते दूध तासन् तास आटवून, साखर, वेलची आणि पिस्ते घालून केलेली कुल्फी उपवासाला चालायला हरकत नाही. तिच्यात आइस्क्रीमसारखी हवा घोटलेली नसते, म्हणून ती घट्ट असते आणि सावकाश वितळते. मातीच्या मटक्यात बर्फ आणि खडे मीठ एकत्र केले की ते मिश्रण शून्याच्या बरेच खाली उतरते, आणि त्यात साचे पुरून कुल्फी गोठते; यंत्राची गरज लागत नाही. पण दूध आटवण्याचा वेळ आणि गॅस वाचवण्यासाठी काही ठिकाणी तिच्यात कॉर्नफ्लोअर किंवा पावाचा चुराही घालतात, आणि मग उपवास मोडला. विक्रेत्याला थेट विचारावे. जिभेवर पिठूळ लेप राहिला तर उत्तर न विचारताही मिळते. फालुद्याच्या शेवया स्टार्चच्या असतात, त्यामुळे त्या दिवशी फालुदा नको; दुसऱ्या दिवशी पारणे झाल्यावर जरूर खावा.