मुंबईचे जहाज, मलबारचा साग

प्रश्न : ब्रिटनच्या राष्ट्रीय नौदल संग्रहालयात मुंबईत बांधलेले लाकडी जहाज अजून पाण्यावर उभे आहे, असे ऐकले. इतक्या वर्षांत ते कुजले कसे नाही?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : होय, ते ‘ट्रिंकोमाली’. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले हे जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरले आणि आज ते हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. त्याचे पहिले आराखडे 1812 मध्ये ‘जावा’ या जहाजाबरोबर नष्ट झाल्याने नवे मागवावे लागले होते. बांधणीच्या आरंभी, पारशी रिवाजाप्रमाणे, त्याच्या कण्यात, म्हणजे तळाच्या मुख्य लांब तुळईत, चांदीचा खिळा ठोकण्यात आला. हा तपशील आम्हाला विशेष हृद्य वाटतो.

ते टिकण्याचे मुख्य कारण म्हणजे मलबारचा साग. ओक लाकडातील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात आणि त्यांच्याभोवतीचे लाकूडही खराब होते. सागातील नैसर्गिक तेल मात्र लाकडाला कीड व कुज यांपासून वाचवते आणि लोखंडालाही जपते. आपल्या नाशिकच्या जुन्या वाड्यातील सागवानी खांबात रुतलेला खिळा जवळून पाहिलात, तर त्याच्याभोवतीचे लाकूड बहुधा घट्टच आढळेल. याच संग्रहालयातील ओकचे ‘व्हिक्टरी’ (1765) मात्र 1922 पासून कोरड्या गोदीत, म्हणजे पाण्याबाहेर, आहे.

अर्थात केवळ सागाने भागले नाही. अनेक दशके प्रशिक्षणासाठी वापरल्यानंतर ‘ट्रिंकोमाली’ची मोठी दुरुस्ती करावी लागली, आणि ते काम 2001 पर्यंत चालले. आपल्या ‘विक्रांत’च्या वाट्याला ते भाग्य आले नाही, याची खंत वाटते : 1961 मध्ये नौदलात दाखल झालेली ही विमानवाहू नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती, पण अखेर ती भंगारात काढण्यात आली.