आईच माझी मॅनेजर, सुटू कशी?

प्रश्न: ताई, मी वीस वर्षांची, टीवायला आहे. सातवी ते नववी एका सीरियलमध्ये हिरोईनच्या धाकट्या बहिणीचा रोल केला, लोक अजून त्याच नावाने हाक मारतात. आईने तेव्हा नोकरी सोडली. आजही ऑडिशन, कोऑर्डिनेटर, इन्स्टा, बँक सगळं तीच बघते. मला बीएड करून शिकवायचंय. विषय काढला की ‘तुझ्यासाठी काय काय सोडलं’ सुरू, आणि पैशाचं विचारलं तर रडते. (नाव नको, ठाणे)

उत्तर: अगं, बीएडवरून आत्ताच वाद घालू नकोस, आधी पैशाचं बघ, कारण फी आईच्या हातून येणार असेल तर शेवटचा शब्द तिचाच राहणार. लहानपणी उघडलेलं खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर त्यावर पालकांची सही चालत नाही, तू स्वतः बँकेत जाऊन केवायसी आणि नवीन सही दे. दुसरं, मुलाने स्वतःच्या कलेवर कमावलेलं उत्पन्न इनकम टॅक्समध्ये आईवडिलांच्यात धरत नाहीत, मुलाच्याच नावावर असतं, म्हणून इनकम टॅक्सच्या साइटवर तुझ्या पॅनने लॉगिन करून २६एएस हा फॉर्म काढ, प्रॉडक्शन हाऊसने किती दिले, टीडीएस किती कापला ते वर्षावर्षाने दिसेल. तिथे काहीच नाही दिसलं तर चेक कोणाच्या नावाने निघायचे हे विचारावंच लागेल. आणि २०१७ च्या बालकामगार नियमांप्रमाणे अशा कामाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने एफडीत ठेवायचे असतात, ते अठराव्या वर्षी तुला मिळायला हवेत. तीही शोध.

केस वगैरे कर असं मी म्हणत नाहीये हं. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला बालकलाकार जॅकी कूगन, त्याने १९३८ ला खरंच सख्ख्या आईवर आणि सावत्र वडिलांवर केली होती, कमाई बरीचशी उडवलेली, त्यातून पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात बालकलाकारांची कमाई जपणारा कायदा आला, पण त्याच्या हाती फार थोडं लागलं. तुझ्या आईने पैसे खाल्लेत असंही नाही, घरखर्चात गेले असतील आणि सांगायची लाज वाटत असेल, रडण्याचं कारण तेही असू शकतं. तिने नोकरी सोडली हे खरंच आहे, पण तो निर्णय बारा वर्षांच्या मुलीने घेतला नव्हता, त्याची परतफेड तुझ्याकडे लागत नाही.

कोऑर्डिनेटरला मात्र तूच मेसेज कर, सध्या ऑडिशन नकोत म्हणून, आईला आधी सांगून. इन्स्टाचा पासवर्ड राहू दे तिच्याकडे थोडे दिवस.