‘खर्च वाढवला’ असं अर्थमंत्री सांगतात, तो दावा कसा तपासायचा?

आधी विचारा, कशाच्या तुलनेत वाढवला? २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भांडवली खर्च (रस्ते-रेल्वेसारख्या टिकाऊ गोष्टींवरचा खर्च) ११.२१ लाख कोटी रुपये धरला होता. आदल्या वर्षीचा मूळ अंदाज ११.११ लाख कोटी, म्हणजे वाढ जेमतेम १ टक्का. पण ते वर्ष संपता संपता सुधारित अंदाज १०.१८ लाख कोटींवर आला. त्याच्याशी तुलना केली की वाढ थेट १० टक्के दिसते! दोन्ही आकडे खरे आहेत, आणि बचाव करणारा नेता साहजिकच मोठा उचलतो. म्हणून मूळ अंदाजाची तुलना मूळ अंदाजाशीच करा, आणि प्रत्यक्ष खर्चाचा रकाना कधीही वगळू नका.

या भांडवली खर्चात राज्यांना दिलेली ५० वर्षांची बिनव्याजी कर्जंही धरलेली असतात (त्या वर्षी तरतूद १.५ लाख कोटी). म्हणजे सगळा पैसा केंद्राच्या स्वतःच्या रस्ते-रेल्वेवर जात नाही.

‘तरतूद कमी केली नाही’ हे वाक्यही तपासून घ्या. मनरेगाला २०२४-२५ आणि २०२५-२६, दोन्ही वर्षी अर्थसंकल्पात ८६,००० कोटीच होते. महागाई धरली तर ही कपातच झाली. माझ्या मते मजुरांच्या बाबतीत हे फार गंभीर आहे.

‘पैसाच नाही’ या युक्तिवादात मात्र तथ्य आहे. २०२५-२६ च्या एकूण ५०.६५ लाख कोटींच्या खर्चापैकी १२.७६ लाख कोटी नुसत्या कर्जावरच्या व्याजाचे होते.