घरच्या वापरासाठी भरवशाची डिझेल ऑटोमॅटिक इस्टेट गाडी कोणती?

दोन मुलं, एक मोठा कुत्रा, सुट्टीतले लांबचे प्रवास आणि पाच-सहा वर्षं वापरलेली, डिझेल, ऑटोमॅटिक इस्टेट (म्हणजे मागे लांब डिकी असलेली स्टेशन वॅगन) हवी, असं तुम्ही लिहिलंय. मॉडेलची नावं सांगतोच, पण आधी एक सांगा: आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा तास हायवेच्या वेगाने पळणार आहे का?

नसेल, तर डिझेलचा नाद सोडा. आजच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी साधारण 600 अंश तापमानाला जळते आणि तेवढी उष्णता शाळा-बाजाराच्या तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तयारच होत नाही. मग गाडी जास्तीचं डिझेल फवारून फिल्टर तापवायला बघते, तुम्ही मध्येच इंजिन बंद करता, आणि न जळलेल्या डिझेलचा काही भाग इंजिन ऑइलमध्ये उतरतो. ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. माझदाच्या 2.2 डिझेलच्या डिपस्टिकवर तर कमाल खुणेच्या वर एक्सची खूण दिलेली असते, ती याचसाठी.

आता गिअरबॉक्स. माझे हात पोळले ते इथे. माझी पहिली ऑटोमॅटिक इस्टेट मी रंग, सीट आणि कमी किलोमीटर बघून घेतली. ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला ती थरथरायची. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, ‘या गाड्यांचं असंच असतं.’ वर्षभरात क्लचचा अख्खा संच बदलावा लागला. आत कोरड्या, म्हणजे तेलात न बुडलेल्या क्लचचा ड्युअल क्लच (गिअर बदलायला दोन क्लच असलेला) गिअरबॉक्स आहे हे मला तेव्हा कळलं. ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली वेगवेगळी यंत्रं विकली जातात, हे तोवर माझ्या गावीही नव्हतं.

घरच्या गाडीला, त्यातून ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या किंवा मागे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला, माझं मत टॉर्क कन्व्हर्टरलाच, म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनाची शक्ती पुढे पोचवणाऱ्या ऑटोमॅटिकलाच. बीएमडब्ल्यूच्या 5 सिरीज टूरिंगमध्ये (टूरिंग म्हणजे त्यांची इस्टेट) झेडएफ या गिअरबॉक्स कंपनीचा आठ गिअरचा, मर्सिडीज ई क्लासमध्ये त्यांचा स्वतःचा नऊचा, वोल्वो व्ही90 मध्ये आयसिन कंपनीचा आठचा, माझदा 6 मध्ये सहाचा. ड्युअल क्लच सरसकट वाईट नाही. क्लच तेलात बुडालेले असतील तर तो बराच सोशिक असतो. स्कोडाची मागच्या पिढीची सुपर्ब कॉम्बी घ्या: 1.6 डिझेलला कोरड्या क्लचचा सात गिअरचा, 2.0 डिझेलला तेलातल्या क्लचचा. गाडी तीच, स्वभाव वेगळा. सुपर्ब घेणार असाल तर 2.0 च घ्या. गाडी घेण्याजोगी आहेच, डिकी 660 लिटरची आहे आणि मागच्या सीटवर पाय पसरून बसता येतं. फक्त सहा गिअरवाल्या डीएसजीचं (स्कोडाच्या ड्युअल क्लचचं नाव) ऑइल दर 60,000 किलोमीटरला बदलल्याची पावती मागा.

पावतीवरून आठवलं. ‘गिअरबॉक्स ऑइल आयुष्यभरासाठी भरलेलं आहे’ असं कोणी ऐकवलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. झेडएफ स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. दीड लाख चाललेली, पण ऑइल बदलल्याचा कागद असलेली गाडी मी 70 हजार चाललेल्या बिनकागदाच्या गाडीआधी उचलेन. कमी चाललेलं डिझेल म्हणजे बऱ्याचदा फक्त गल्लीत फिरलेलं डिझेल.

बीएमडब्ल्यू बघत असाल तर इंजिनाचा कोड विचारा. जुन्या एन47 ची टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, तिला हात घालायचा म्हणजे मोठंच काम, आणि ती चेन त्रास देते हे सगळ्या मेकॅनिकना माहीत आहे. त्याच्या जागी आलेलं बी47 घ्या. 5 सिरीज टूरिंग आणि ई क्लास इस्टेट दोन्हींना मागे एअर सस्पेन्शन असतं. सामान भरलं तरी शेपूट खाली बसत नाही, मस्त प्रकार आहे. पण हवेच्या पिशव्या रबराच्या, वयानुसार चिरतात.

म्हणून गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की रात्रभर सुरू करू नका. मागची एक बाजू बसलेली दिसली तर कारण समजलं. मग थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला लावा, डी मधून आर, आर मधून डी करून धक्का बसतो का बघा, चढावर हळू रांगवा. मेकॅनिकला स्कॅनर लावून डीपीएफमधली राख किती ते वाचायला सांगा. काजळी जळून जाते, राख साठतच राहते.

माझ्याकडे आता ई क्लास आहे, डिकी 640 लिटर. तुमच्या यादीत मी सुपर्ब 2.0 आणि ई क्लास या दोनच ठेवेन. व्ही90 दिसायला सगळ्यांत देखणी, पण डिकी 560 लिटर आणि मागची काच उतरती, त्यामुळे मोठ्या कुत्र्याचं डोकं छताला लागायची शक्यता. कुत्र्याला बरोबर घेऊनच जा, तो पाच मिनिटांत निकाल देईल.